हायड्रोमीटर की मल्टिमीटर?

शेतघरावरच्या सोलर बॅटऱ्या तपासायला काय घेऊ, असं मामेभावाने विचारलं. साधे घेतले तर दोन्ही स्वस्तच, त्यामुळे किंमत सोडा.

मेहनत: मल्टिमीटर व्होल्टेज मोजतो, काम मिनिटभराचं. पण चार्जिंग आणि लोड बंद करून बॅटरी काही तास निवांत ठेवली नाही, तर आकडा फसवतो. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ व्होल्ट म्हणजे साधारण भरलेली. हायड्रोमीटर ॲसिडची घनता मोजतो; त्यासाठी हातमोजे-चष्मा घाला, सहाही सेलची (कप्प्यांची) बुचं उघडा, ॲसिड ओढा. शर्टाला भोकं पडतात, अनुभवाने सांगतो.

खरेपणा: इथे हायड्रोमीटर उजवा. पाच सेल १.२४० घनता आणि एकच १.१९० दाखवत असेल, तर दुखणं कुठे ते लगेच कळतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घातल्याबरोबर मोजू नका.

पाणी घालायच्या ट्युब्युलरला (नळीदार प्लेटांच्या लेड-ॲसिड बॅटरीला) हायड्रोमीटर. सीलबंद असेल तर मल्टिमीटरच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला व्होल्टवरूनही फारसं कळत नाही, तिथे बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या तिच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) आकडा पाहा.