लघुशोधप्रबंधासाठी कोणता सिद्धांत घ्यावा: अजेंडा सेटिंग, ग्रुपथिंक की वाइक?

विषय लिहून देण्याची तारीख जवळ आली आहे आणि समोर तीन वाटा आहेत: माध्यमांसाठी अजेंडा सेटिंग (माध्यमं ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात, ही मांडणी), गटांसाठी ग्रुपथिंक, संघटनांसाठी संघटनांचे अभ्यासक कार्ल वाइक यांची मांडणी. नागपुरात राहून, एका सत्रात, स्वतःच्या खर्चाने काम पुरं करायचं असेल तर माझं मत अजेंडा सेटिंगच्या बाजूने आहे. सिद्धांत किती भारी वाटतो यापेक्षा त्याचा पुरावा तुमच्या हाती लागेल का, हे आधी बघा.

ग्रुपथिंकपासून सुरुवात करतो, कारण मोह त्याचाच पडतो. मलाही पडला होता. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हुशार, अनुभवी सल्लागारांनी क्युबातल्या बे ऑफ पिग्ज मोहिमेला होकार दिला आणि ती पार फसली. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये त्याचं कारण ग्रुपथिंक म्हणून मांडलं: एकजीव झालेल्या गटात एकमत टिकवायची ओढ इतकी वाढते की शंका असलेला माणूस स्वतःच गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याला बाकीचे संमती समजतात. हे वाचलं की प्रत्येकाला आपलं गणेश मंडळ किंवा सोसायटी आठवते. मी एका गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्तं घेऊन बसलो. पानामागून पान उलटलं, प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ: ‘सर्वानुमते मंजूर’. ते एकमत मनापासूनचं होतं की दबावाचं, हे वही सांगत नाही. सदस्यांना विचारावं तर फसलेल्या निर्णयाबद्दल प्रत्येकाचं उत्तर एकच, ‘मी तर तेव्हाच म्हटलं होतं’. अडचण सिद्धांताच्या मुळाशीच आहे. जॅनिस यांनी फसलेले निर्णय घेतले, तोलासाठी १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र पेचासारखा नीट हाताळलेला प्रसंगही घेतला, पण निकाल सगळ्यांचेच आधी ठाऊक होते. निकाल माहीत असला की लक्षणं दिसायला लागतातच. बैठक चालू असताना तिथे बसायची मुभा मिळणार नसेल, तर हा विषय सोडा.

अजेंडा सेटिंगमध्ये पुरावा छापलेला असतो. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककॉम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल इथल्या, कोणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. मग वृत्तपत्रं, साप्ताहिकं आणि टीव्हीच्या बातम्यांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली ते मोजलं. दोन्ही क्रम जवळजवळ तंतोतंत जुळले, सहसंबंध ०.९७ च्या आसपास (१ म्हणजे पूर्ण जुळणी). १९७२ मध्ये हा लेख छापून आला. हीच पद्धत तुम्हाला वाचनालयातल्या फायली, फूटपट्टी आणि प्रश्नावली यांवर वापरता येते: दोन दैनिकं, चार आठवडे, पाच-सहा प्रश्न, स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजणी, आणि शेवटी क्रमांक-सहसंबंध.

नागपूरकरांकडे यात एक जास्तीची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा बाईच्या रूपातला पुतळा, निघते आणि तिच्यासोबत बडगे नावाचे पुतळे निघतात. त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचा बडग्या होतो आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत तो जाळला जातो. लोकांच्या मनातला अजेंडा इतका उघड रस्त्यावर येणारं दुसरं साधन मला माहीत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, मोरभवनचं बसस्थानक बुडालं. ही बातमी पहिल्या पानावर किती दिवस टिकली, आणि पुढच्या पोळ्याला तिचा बडग्या निघाला का? इथे तुमचा प्रश्न तयार आहे. सावधगिरी एवढीच की बडगे बनवणारी मंडळं असतात. ते शहराचा नमुना नाहीत, आणि बनवणारे स्वतःच पेपर वाचतात. म्हणून १०० लोकांची प्रश्नावली हवीच.

या सिद्धांतालाही मर्यादा आहे: क्रम जुळले म्हणजे पेपरने लोकांना विषय दिला हे सिद्ध होत नाही, उलटंही झालेलं असू शकतं. पानठेल्यावरच्या चर्चेतून विषय पसरतो का हेही पाहायचं असेल, तर पॉल लाझार्सफेल्ड यांच्या १९४० च्या ओहायोतल्या अभ्यासातून आलेला द्विस्तरीय प्रवाह (माध्यमांतला विषय आधी काही जाणकारांपर्यंत आणि त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत पोचतो, ही मांडणी) सोबत घ्या. प्रश्नावलीत दोनच प्रश्न वाढतात.

उरले वाइक. त्यांच्या मते संघटना ही इमारत किंवा पदांची उतरंड नसते. संदिग्ध माहितीचा अर्थ माणसं एकमेकांशी बोलत लावत जातात, त्या क्रियेत ती घडत असते. १९४९ मध्ये मॉन्टानातल्या मॅन गल्चच्या वणव्यात आग विझवायला गेलेले १३ जण गेले. पथकप्रमुखाने स्वतःच गवत पेटवून जळलेल्या जागेत, जिथे वणव्याला जाळायला काही उरत नाही, आडवं व्हायला सांगितलं, पण त्याच्या पथकाला त्या कृतीचा अर्थच लागला नाही. वाइक यांचं या घटनेचं विवेचन वाचल्यावर कारखान्यातली शिफ्ट बदलतानाची घाई वेगळी दिसायला लागते. तिन्हींत हा मला सर्वांत खोल वाटतो. पण बाहेरच्याला तो दिसत नाही. मुलाखतीत लोक नियमावली सांगतात, नियमावली तुटते तेव्हाचं सांगत नाहीत.

म्हणून वाइक एकाच स्थितीत घ्या: तुम्ही स्वतः बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत, एखाद्या कॉल सेंटरात किंवा रुग्णालयात आधीच काम करता आणि रोजची नोंदवही ठेवू शकता. तेव्हासुद्धा व्यवस्थापनाचं लेखी परवानगीपत्र हातात आल्यावरच विषयाचा अर्ज भरा, आणि सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही लिहून ठेवत आहात.