पायाने फिरवायची छोटी सायकल, लोखंडी खुर्ची आणि तीन वाकळा : १३१ किलो वजन असताना आठ महिने वापरून आलेला अनुभव

ही सायकल घेण्याआधी मी दिसतील तेवढे रिव्ह्यू वाचले, पण ते सगळे ऑफिसात टेबलाखाली ठेवून पाय मारणाऱ्यांचे नाहीतर आईवडिलांसाठी घेतलेल्यांचे होते. माझ्यासारख्या वजनाच्या बाईला ती झेपते का, मांडी वर आली की पोट आड येतं का, सुजलेला पाय त्या पट्ट्यात बसतो का, हे कुणीच लिहिलं नव्हतं म्हणून मी लांबलचक लिहितेय, ज्याला गरज असेल तो शेवटपर्यंत वाचेल.

मी सांगलीची, वय ४७, उंची पाच फूट एक इंच. नोव्हेंबरात सुरुवात केली तेव्हा वजन १३१ किलो म्हणजे बीएमआय ५४ च्या वर, दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी चालू, शुगर नुकतीच वर गेलेली. चालणं म्हणजे बेड ते बाथरूम आणि बाथरूम ते किचन, तेही भिंतीला हात लावून. खरं वजन किती हेच कितीतरी दिवस माहीत नव्हतं कारण घरातला काटा १२० च्या पुढे एरर दाखवायचा, डॉक्टरांकडचाही तेवढाच. शेवटी दादाच्या हळदीच्या गोडाऊनला गेले, तिथे पोती तोलायचा मोठा काटा आहे त्याच्यावर उभी राहिले. चार बोटं उंचीचा तो प्लॅटफॉर्म चढायला मला दादाचा खांदा धरावा लागला. हमालमामांनी आपणहून पाठ फिरवली आणि बाकीच्या पोरांना बाहेर चहाला पाठवलं, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. घरी येऊन पाय धुतले तर तळवे पिवळेजर्द झालेले, ते बघून बसल्या जागी रडले.

पण मी व्यायामाला लागले ते वजनाच्या आकड्यामुळे नाही. आम्ही गावभागात पहिल्या मजल्यावर राहतो, १९ पायऱ्या आहेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालचं घर बुडालं, बोट जिन्यापाशी आली आणि मला त्या ओल्या पायऱ्या उतरून बोटीत पाय टाकता येईना. माझ्यासाठी म्हणून हे आणि लेक दोघंही मागे थांबले, पाणी उतरेपर्यंत अंधारात आम्ही तिघं वरच होतो. २०२१ ला नदी चढायला लागली तसं आधीच विश्रामबागला नणंदेकडे नेऊन ठेवलं मला, तेव्हाही मला उतरवायला चार माणसं लागली. दर पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतंय म्हटलं की घरातले सगळे आधी माझ्याकडे बघतात, काही बोलत नाहीत पण बघतात. मला फक्त माझ्या पायानं तो जिना उतरायचा होता.

त्याच्या आधी एकदा जिमचा प्रयत्न केला होता, नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी त्या मुलानं मला ट्रेडमिलवर उभं केलं, दहा मिनिटं चालवलं आणि गुडघा असा सुजला की नऊ दिवस बेडवर. प्रत्येक जण सांगतो "रोज सकाळी चालायला जात जा", चांगल्या मनानंच सांगतात, पण ज्याला उभंच राहता येत नाही त्यानं चालण्यापासून सुरुवात कशी करायची हे कुणी सांगत नाही. म्हणून यावेळी आधी डॉक्टर. ईसीजी, शुगर, बीपी, थायरॉइड सगळं बघितलं, डॉक्टरांनी बसून करायला हरकत नाही म्हटलं आणि एका फिजिओ मॅडमना घरी बोलवायला सांगितलं. त्या महिनाभर आठवड्यातून दोनदा आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच करायला लावलं नाही, फक्त म्हणाल्या, काकू, खुर्चीतून कशा उठता ते दाखवा. मी उठून दाखवलं, दोन्ही हातांनी टेबल ओढत. त्या म्हणाल्या व्यायाम इथूनच सुरू करायचा, हेच शिकायचंय आपल्याला.

तर आधी खुर्चीबद्दल लिहिते, कारण सायकलीपेक्षा खुर्ची महत्त्वाची आहे हे माझं ठाम मत झालंय. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून व्यायाम करू नका. माझ्याखाली एकदा गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकत गेले आणि मी खाली बसले, लागलं फार नाही पण त्यानंतर दोन वर्षं मी कुणाच्या घरी गेले नाही. आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची खुर्ची करून घेतली, बैठक २४ इंच रुंद, उंची १९ इंच, दोन्हीकडे भक्कम हात, पायांना रबरी बूट, ३२०० रुपये झाले. पाठ भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे मागे सरकत नाही. आणि त्याच्यावर आईच्या हातच्या तीन वाकळा, जुन्या नऊवारींच्या. बैठक जितकी उंच तितकं उठताना गुडघ्यावर कमी येतं, एवढं साधं आहे ते. वाकळा एकावर एक घडी घालून साडीच्या काठानं खुर्चीला घट्ट बांधल्या, नाहीतर घसरतात.

उठण्याची पद्धत अशी की बूड पुढच्या कडेला आणायचं, दोन्ही पाय गुडघ्याच्या थोडे मागे घ्यायचे, मग पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि मग जोर लावायचा. मी इतकी वर्षं सरळ बसून सरळच वर उठायला बघत होते, त्यात सगळा भार गुडघ्यावर. खाली बसताना मात्र धपकन बसायचं नाही, चार आकडे मोजत दमानं बसायचं, खरी ताकद त्या बसण्यात येते. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीनदा, तेसुद्धा खुर्चीचे हात धरून. त्याच्यासोबत बसल्या बसल्या पावलं वरखाली करणं वीस वेळा, पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवणं दहा वेळा, हात खांद्याच्या वर नेणं. एवढंच, याला व्यायाम म्हणायचं का असं मलाही वाटलेलं, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तेव्हा कळलं.

आता सायकल. म्हणजे दोन पेडल, मधे एक नॉब आणि खाली स्टँड, १९०० रुपयांना ऑनलाइन घेतली. पहिली अडचण तीच जी मला वाटत होती, मांडी वर आली की पोटाला लागते आणि श्वास कोंडतो. त्याच्यावर उपाय सापडायला दोन आठवडे गेले. सायकल जवळ घ्यायचीच नाही, लांब ठेवायची, इतकी की पेडल पुढे गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होतो, आणि आपण पाठीला उशी लावून थोडं मागे रेलायचं. वाकळांमुळे मी उंच बसलेली होतेच त्यामुळे गुडघा कमरेच्या वर येईना आणि पोट मधे यायचं थांबलं. दुसरी अडचण म्हणजे लांब ठेवली की ती फरशीवर पुढे पळते. तिला समोरच्या भिंतीला टेकवली आणि खाली जुनं रबरी पायपुसणं टाकलं, तेव्हापासून हलली नाही. तिसरी, पट्टे. माझे पाय संध्याकाळी सुजतात, पंजा रुंद आहे, पट्टा शेवटच्या भोकातही बसला नाही. चांभाराकडे नेऊन दोन्ही पट्ट्यांना वेल्क्रो जोडून तीन तीन इंच वाढवून घेतलं, ८० रुपये. कंपनीनं हे करायला काय हरकत होती कळत नाही, ज्यांना या वस्तूची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांचेच पाय त्यात बसत नाहीत.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं, नॉब पूर्ण सैल. मॅडमनी सांगितलेलं की फिरवताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता यायला नको, बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा. मी सासूबाईंना समोर बसवायचे, त्या बोलत राहायच्या आणि मी उत्तरं द्यायची. दोन मिनिटं सकाळी दोन संध्याकाळी, मग दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवत फेब्रुवारीत दहावर आले, आता पंधरा मिनिटं दोनदा होतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, तो आकडा मी आधी वाचला असता तर सुरुवातच केली नसती, पण त्यांच्याच २०२० च्या सूचनांमध्ये एका वेळी निदान दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकलीय, म्हणजे माझी दोन दोन मिनिटंसुद्धा धरायची. हे मॅडमनी सांगितलं त्या दिवशी मला फार धीर आला.

दुखण्याचा नियम माझ्यासाठी असा ठरला की करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल तर त्या दिवशी निम्मं करायचं. बंद नाही करायचं, निम्मं. जानेवारीत मी उत्साहाच्या भरात नॉब दोन फेरे घट्ट केला आणि आठवडाभर भोगलं, तेव्हापासून मी नॉबला हात लावत नाही, मिनिटं वाढवते. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, रात्री आडवं झालं की दम लागणं, यातलं काहीही झालं तर सायकल बाजूला ठेवून लगेच डॉक्टर, हे मॅडमनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवायला लावलं, अजून आहे तिथे. शुगरच्या गोळ्या असतील तर व्यायाम जेवणाच्या आधी करायचा का नंतर हे पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एक गोष्ट बायका लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटाच्या घडीखाली घामानं कातडी सोलवटते, पेडल मारताना तर आग होते. मी याच कारणासाठी डिसेंबरात चार दिवस बंद ठेवली होती आणि लाजेनं कुणाला सांगितलं नाही. मग लेकीनंच गुडघ्यापर्यंतच्या सुती चड्ड्या आणून दिल्या, गाऊनच्या आतून घालायच्या, आणि आंघोळीनंतर घडी मऊ कपड्यानं टिपून पूर्ण कोरडी करायची. लाल चट्टा राहिला आणि खाज आली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते फंगल असू शकतं, साध्या पावडरीनं जात नाही.

फरक काय पडला तर जानेवारीअखेर पहिली वाकळ काढली, एप्रिलमध्ये दुसरी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसरी. मी वजनापेक्षा वाकळा मोजत होते. ज्या दिवशी नुसत्या लोखंडी बैठकीवरून, हात न लावता पाच वेळा उठले त्या दिवशी सासूबाईंनी त्या तिसऱ्या वाकळेची घडी घातली आणि काहीएक न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवला. आता कमोडवरून उठायला नळ धरावा लागत नाही, ओट्याशी वीस मिनिटं उभी राहून भाकरी करते, संध्याकाळची पायाची सूज बरीच कमी आहे. वजन ११९ च्या आसपास आलंय, पण त्यात जेवणातल्या बदलाचा वाटा मोठा आहे, नुसत्या सायकलीनं बारा किलो उतरतील असं कुणी समजू नये. गुडघ्यासाठी मात्र तेही कामाचं, मॅडम म्हणाल्या एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो.

मशीनच्या तक्रारी पण लिहिते. दहा मिनिटांच्या पुढे नॉबच्या खालचा भाग चांगलाच तापतो, लहान मूल घरात असेल तर लक्ष ठेवा. तिसऱ्या महिन्यात कुरकुर आवाज यायला लागला, शिलाई मशीनचं तेल घातलं की थांबतो. स्क्रू सैल होतात, पंधरा दिवसांनी आवळावे लागतात. डिस्प्ले चौथ्या महिन्यात बंद पडला, सेल बदलून बघितला, कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. कॅलरीचा आकडा तसाही विश्वासाचा नव्हता, त्याला माझं वजन माहीत नाही वय माहीत नाही, तो सांगणार कुठून. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ लावते. खोक्यावर १०० किलोची मर्यादा लिहिलीय, त्यानं मी घाबरले होते, पण बसून वापरताना भार खुर्चीवर असतो, सायकलीवर फक्त पाय, आठ महिन्यांत स्टँड वाकला नाही. तिच्यावर पाय देऊन उभं मात्र कधीच राहायचं नाही. तर सायकलीला पाचपैकी साडेतीन, खुर्चीला पाच.

परवा रात्रभर पाऊस होता, वर कोयनेकडेही धो धो चाललेला, आणि ह्यांनी दरवर्षीसारखी कागदपत्रांची बॅग भरून दाराशी ठेवली. सकाळी पाऊस थांबल्यावर मी कठडा धरून खाली गेले, एक पाऊल टाकायचं, दुसरं त्याच पायरीवर आणायचं, मग पुढची. १९ पायऱ्या, मधे दोनदा थांबले. खाली दोन मिनिटं ओट्यावर टेकले आणि परत वर आले, वर यायला जास्त वेळ लागला, चांगल्या पायाला खाली येताना मागे ठेवायचं आणि वर जाताना पुढे, हे मॅडमनी शिकवलेलं आठवून आठवून. हे वरच्या दारात उभे होते, हात पुढे करून, पण धरला नाही त्यांनी मला, मीच नको म्हटलं होतं.

पट्टे वाढवायचं माप किंवा खुर्चीचा फोटो कुणाला हवा असेल तर विचारा, फॅब्रिकेशनवाल्याला दाखवायला उपयोगी पडेल.