१०एक्सची एलईडी लूप, नाण्यांसाठी: एक पावसाळा काढल्यावर

ऐन जुलैत लूपचा, म्हणजे नाणी दहापट मोठी दाखवणाऱ्या हातातल्या भिंगाचा, एलईडी गेला. सर्व्हिसवाल्यांनी फोटो मागवले, आणि मग "मॉइश्चर डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. अहो, फोंड्यात जुलैत कपाटातले चामड्याचे पट्टेसुद्धा बुरसतात, मग इकडे डिलिव्हरी देताच कशाला? सेल बदलले, पत्र्यावर हिरवट थर धरलेला तो व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला, तरी एलईडी ढिम्म.

स्पेक्स सगळ्यांना ठाऊक आहेत, ते परत लिहीत नाही. काच चांगली आहे, कडेला थोडं जांभळट दिसतं ते चालतं. माझा राग त्या एलईडीवर, आणि तो चालू होता तेव्हापासूनचा आहे. भिंगाभोवती गोल दिवे, उजेड नाण्यावर सरळ वरून पडणार, म्हणजे हेअरलाइन गायब! कुणीतरी कधीतरी फडक्याने पुसल्याचे ते केसासारखे ओरखडे एकाच दिव्याच्या तिरक्या उजेडात नाणं हळूहळू कलवलं तरच दिसतात, आणि एमएस ६३ की ६५ (न वापरलेल्या नाण्याची प्रत, वरची हद्द ७०) हे कितीदा तेवढ्यावरच ठरतं. जास्तच घासलेलं निघालं तर प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडून नंबर नाहीच, 'डिटेल्स' लिहून येतं.

एक स्टार देणार होतो. पण दिवा मेल्यावर नाइलाजाने टेबल लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली बघायला लागलो आणि १९५९च्या सहा एस्कुदोवरचं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या नाण्यावरचं, लस्टर (टांकसाळीतली मूळ चमक) असं गरगर फिरताना दिसलं की बस्स. हे त्या पांढऱ्या झगझगाटात कधी दिसलंच नव्हतं. म्हणून तीन स्टार, तेही फक्त काचेला.

आता १०एक्सचं. एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या व्याख्येत एमएस ७० म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरचा एकही दोष ५एक्सखाली दिसता कामा नये. पाच, दहा नव्हे. दहाखाली कुठलंही नाणं देवी आल्यासारखं दिसतं, आणि डाग कुठे आहे हे राहूनच जातं. १८८२च्या रुपियावर पोर्तुगालचा राजा लुईस याच्या गालावरची एक खोच केसांतल्या चार खोचांपेक्षा महाग पडते, कारण नजर आधी गालावर जाते. तेवढ्यासाठी नुसते डोळे आणि ५एक्स पुरे.

आमचा भाचा प्रत्येक नाण्याला विचारतो, "मामा, सत्तर मिळतील?" अरे, शाळेचा पेपर आहे काय! विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणेअभ्यासकाने १९४९मध्ये हे १ ते ७० आकडे काढले ते अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, आणि हिशोब किमतीचा होता, ७०चं नाणं १च्या सत्तरपट किमतीचं असा. हल्ली ग्रुपवर मोबाइलचा धूसर फोटो टाकून खाली 'एमएस ६९ क्वालिटी' लिहितात त्यांना कोण सांगणार. ६९ आणि ७०मधला फरक तज्ज्ञांना हातात नाणं घेऊन शोधावा लागतो, आणि स्लॅबची (प्रत ठरवून नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून देण्याची) फी नाण्यापेक्षा जास्त होत असेल तर पाठवूच नये, माझं सरळ गणित आहे.

घ्यायचीच असेल तर साधी ५एक्स, बिनदिव्याची घ्या, पैसेही वाचतात. एलईडीवाली आधीच घेतली असेल तर जून लागायच्या आत सेल काढून ठेवा.

सर्व्हिसवाल्यांचा काल परत मेसेज आला, नव्या मॉडेलवर सूट देतायत. त्यात एलईडी दुप्पट आहेत.