पीसी चालू होईना: रिपेअर, रिसेट, फॉरमॅट की दुकान?

मावशीचा पीसी गेल्या आषाढात अडला. लोगो यायचा, खाली ठिपके गोल गोल फिरायचे आणि परत लोगो. नाशिकच्या सिडकोतून गावात दुकानात नेला. "फॉरमॅट मारतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही," म्हणाले. मावशी निश्चिंत. शिकवणीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका होत्या डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये, जो फॉरमॅटमध्ये पुसला जातो. गेल्या.

तेव्हा आधी मशीन कुठं अडतंय ते बघा. पंखाही फिरत नसेल तर मदरबोर्ड, केबल किंवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). पंखा फिरतोय, पण बीप वाजून स्क्रीन काळीच, तर बहुतेक रॅम, म्हणजे मेमरी. नाशिकच्या पावसाळी दमटपणात हे बऱ्याचदा होतं. प्लग काढून कॅबिनेट उघडा, रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुकटी झटका आणि टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. रोज तारीख मागे जात असेल तर सीआर २०३२ हा गोल सेल बदला, झालं.

लोगोपर्यंत येऊन अडत असेल तर खरा प्रश्न निवडीचा. विंडोज १० आणि ११ सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा बटण दाबून बंद केलं, की दुरुस्तीचा मेनू आपोआप येतो. त्यातलं स्टार्टअप रिपेअर फक्त सुरू होण्याच्या फायली नीट करतं, तुमच्या कामाला धक्का नाही. यश येईलच असं नाही, पण जाण्यासारखं काही नसतं. सिस्टिम रिस्टोर ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि अपडेट जुन्या तारखेला नेतं. नव्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर मी हेच आधी घेईन, अर्थात रिस्टोर पॉइंट, म्हणजे जुन्या स्थितीची नोंद ठेवणं, आधीपासून चालू असेल तर.

रिसेट म्हणजे विंडोज नव्यानं बसवणं. त्यात "माझ्या फायली ठेवा" निवडलं तरी प्रोग्रॅम उडतात. टॅली, श्री-लिपी, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं नव्यानं. लायसन्सची कागदपत्रं हाताशी नसतील तर इथं थांबा. आणि लॅपटॉप बिटलॉकरचा (डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाचा) ४८ अंकी आकडा मागू लागला तर तो बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडतो. दुसऱ्या मोबाइलवरून बघा.

फॉरमॅट शेवटी. त्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) घालून मशीन त्यावरून चालू करा आणि डेस्कटॉप, डाउनलोड्ससकट सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. इथं दुकान घरापेक्षा बरं, पण "डेटा आधी काढून द्या" हे स्पष्ट सांगून. न्यायचं फक्त कॅबिनेट; मॉनिटर कशाला? गावात गाडी लावायला जागा मिळणं हे वेगळंच दुखणं.

हार्डडिस्क कटकट वाजत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, रिपेअरसुद्धा नाही. प्रत्येक प्रयत्नाला डिस्क आणखी झिजते. बंद करून जाणकाराकडून डेटा काढून घ्या, मग हार्डडिस्कच्या जागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. सात-आठ वर्षं जुना पीसीही त्यानं पळायला लागतो. फक्त विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुमच्या बोर्डात ते नसेल, तर एसएसडीपलीकडे त्या मशीनवर मी एक रुपया घालणार नाही.

मावशीनं शेवटी एसएसडीच घातली. प्रश्नपत्रिका आता पेनड्राइव्हवर असतात, आणि पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात.