जँगोमधल्या अपलोड फायली: सर्व्हरच्या डिस्कवर की एस-थ्रीवर?

जँगोमध्ये (वेबसाइट बनवायचं पायथॉन फ्रेमवर्क) केलेल्या साइटवर आपल्या लॅपटॉपवर फोटो चढवला की लगेच दिसतो. सर्व्हरवर नेऊन डीबग (चुका शोधण्यासाठीचं सेटिंग) बंद केलं की तोच फोटो ४०४. मीडियासाठी, म्हणजे चढवलेल्या फायलींसाठी, यूआरएलमध्ये घातलेली ती ओळ डीबग चालू असतानाच काम करते. पुढची सोय तुमची तुम्हाला लावावी लागते: सर्व्हरच्याच डिस्कवर, किंवा एस-थ्रीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या फायली साठवायच्या क्लाउड सेवेवर. व्हाइटनॉइज हे पॅकेज आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते सीएसएस-जेएससाठी आहे, लोकांनी चढवलेल्या फायलींसाठी नाही.

डिस्क आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, हा स्वस्त मार्ग. कॉन्फिगमध्ये तीनचार ओळी, की फोटो थेट तिथूनच जातात, जँगोला पत्ताही लागत नाही. फक्त एनजिनएक्समध्ये अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते. मोबाइलवरचा फोटो सहज त्यापुढे जातो. मी ती वाढवायला विसरलो आणि संध्याकाळभर व्ह्यू (विनंती हाताळणारा जँगोचा कोड) तपासत बसलो; विनंती जँगोपर्यंत पोचतच नव्हती, त्याच्या लॉगमध्ये ४१३ (फाइल फार मोठी असल्याची एरर) दिसणार कुठून? दुसरी गोची बॅकअपची. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) रोज निघतो, मीडिया फोल्डर राहून जातं. डंपमध्ये फायलींची फक्त नावं असतात.

एस-थ्रीसाठी जँगो-स्टोरेजेस आणि बोटो-थ्री ही पायथॉन पॅकेजेस लागतात. फायली कुठे ठेवायच्या ते सेटिंग जँगो ४.२ पासून 'स्टोरेजेस' या डिक्शनरीत गेलं. जुनं 'डिफॉल्ट_फाइल_स्टोरेज' ५.१ मध्ये काढून टाकलंय, त्यामुळे जुन्या लेखातून उचललेली ओळ आता काहीच करत नाही आणि फायली गुपचूप डिस्कवरच पडत राहतात.

खरा धोका मात्र नावांचा. डिस्कवर त्याच नावाची फाइल आली तर जँगो शेपटाला काही अक्षरं जोडून वेगळी ठेवतो. एस-थ्रीच्या बॅकएंडमध्ये (फायली तिथे ठेवणाऱ्या कोडमध्ये) 'फाइल_ओव्हरराइट', म्हणजे जुन्या फाइलवर नवी लिहिणं, मुळात चालू असतं. दोघांनी 'आधार.पीडीएफ' चढवली की पहिल्याच्या नोंदीवर दुसऱ्याचं आधार उघडतं! हे आधी बंद करा, बाकीचं नंतर.

खर्च साठवणुकीचा आणि डेटा बाहेर जाण्याचा, दोन्हींचा. खाजगी कागदपत्रांना एस-थ्रीवर सही केलेली, मुळात तासाभराची लिंक मिळते. एनजिनएक्समध्ये तेच काम एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट या हेडरने होतं, थोडा कोड लिहून.

एकच व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), काही जीबी फोटो आणि बॅकअप घेणारं कुणीतरी असेल तर डिस्कच घ्या. दोन सर्व्हर झाले किंवा हेरोकूसारख्या होस्टिंग सेवेवर असाल, तर एस-थ्रीच घ्या, विचार करण्यासारखं काही उरत नाही: हेरोकूवर डायनो (तुमचं ॲप चालवणारा कंटेनर) दिवसातून एकदा तरी नव्याने सुरू होतो आणि डिस्क कोरी होते. मन ठरत नसेल तर डिस्कपासून सुरुवात करा, पण कोडमध्ये 'फोटो.पाथ' (फाइलचा डिस्कवरचा पत्ता) कुठेही वापरू नका. एस-थ्रीवर ते सरळ एरर देतं. 'ओपन'ने वाचत गेलात तर पुढे फोल्डर बकेटमध्ये (एस-थ्रीवरच्या तुमच्या साठ्यात) कॉपी करायचं आणि सेटिंग बदलायचं. डेटाबेसमध्ये पाथ सापेक्ष असतो, त्यामुळे तिथे हात लावावा लागत नाही.