टेल्स आठ महिने वापरून: काय जमलं, काय नडलं

गावाकडच्या वाळू उपशाचे फोटो एका पत्रकाराला पाठवायचे होते आणि पाठवणारा कोण हे कळू द्यायचं नव्हतं, तिथून ही भानगड सुरू झाली. अशा कामासाठी विंडोजऐवजी वापरायच्या वेगळ्या सिस्टीम असतात. क्यूब्स बघितलं आधी, प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात ठेवणारी सिस्टीम, भारी आहे, पण १६ जीबी रॅम असली तर बरं म्हणतात आणि माझा लॅपटॉप ४ जीबीचा, विषय संपला. हूनिक्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे दोन लॅपटॉप, एक टॉरचं (आपला माग लपवणारं नेटवर्क) गेटवे आणि दुसऱ्यात आपलं काम, त्यामुळे आयपी, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, फुटायची भीती फार कमी, पण खाली विंडोज तीच राहते ना जी घरात सगळे वापरतात. मग टेल्स, तीही अशीच सिस्टीम. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, विंडोजऐवजी त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, सगळं नेट टॉरमधून, बंद केलं की काही मागे राहत नाही.

राहत नाही म्हणजे खरंच राहत नाही. पहिल्याच आठवड्यात दोन तास बसून टिपण लिहिलं, बंद केलं, गेलं. पर्सिस्टंट स्टोरेज, म्हणजे पेन ड्राइव्हवर फाइली टिकवणारी कुलूपबंद जागा, आपण स्वतः चालू करायचं असतं आणि त्याचा पासफ्रेज विसरलात तर बोंबला, कुणी काढून देत नाही.

माझ्या लॅपटॉपचं वायफाय चाललंच नाही, डाँगल घ्यावा लागला. स्पीडचं रडगाणं नको, टॉरचे तीन रिले, म्हणजे मधले सर्व्हर, फिरून येणार म्हटल्यावर वेळ लागणारच, पण ‘मी रोबोट नाही’वाल्या कॅप्चाने जीव खाल्ला. आणि एक लक्षात घ्या, तुम्ही काय बघताय ते नेटवाल्याला दिसत नाही पण टॉर वापरताय हे दिसतं. आमच्याकडे नेटवाला म्हणजे केबलवालाच, अख्ख्या गावाला नावानिशी ओळखतो. म्हणून मी सुरुवातीपासून ब्रिज, म्हणजे टॉर वापरतोय हे लपवणारा आडवाटेचा सर्व्हर, लावूनच जोडतो, अजून हळू चालतं, चालू दे.

सगळ्यात कामाचं निघालं टेल्समधलं मेटाडेटा क्लीनर, फाइलीत लपलेली माहिती दाखवून पुसणारं. फोटो टाकला तर मोबाइलचं मॉडेल, तारीख, वेळ आणि नदीकाठचे अक्षांश रेखांश, सगळं समोर. एका क्लिकमध्ये साफ. खूश होऊन पाठवणारच होतो, सहज झूम केला तर ट्रॅक्टरच्या अलीकडे माझ्याच बाइकचा आरसा, आरशाला आमच्या आईने बांधलेली लाल-पिवळी नाडी. गावात ती बाइक कुणाची हे शेंबडं पोर पण सांगेल.

तो फोटो क्रॉप करून पाठवला. नाडी अजून आहे, सोड म्हटलं तर आई ऐकत नाही.