पेशंट सरकवायची स्लाइड शीट, वॉर्डात वापरून बघितली

मेडिसिन वॉर्डला ड्युटी करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, काहीच दुखत नाही अशी सापडायची नाही. कंबर नसेल तर खांदा, खांदा नसेल तर मान, आणि नाईट करून केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, बसलं की पोटऱ्या भरून आलेल्या असतात. लोकांना वाटतं ट्रॉलीवरनं बेडवर उचलाउचली करून होतं, पण पेशंट वर ओढण्यात पण कमरेचं तेवढंच वाटोळं होतं हो. फाऊलर बेडचं डोकं वर केलं की पेशंट हळूहळू पायाकडं घसरत जातो, मग दोन्हीकडनं ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली घातलेली आडवी चादर, धरायची, एक दोन तीन म्हणायचं आणि वाकूनच ओढायचं, त्यात दर दोन तासाला कूस बदलायची नाहीतर बेडसोअर ठरलेला.

तर ही स्लाइड शीट आम्ही वॉर्डातल्या सिस्टरनीच वर्गणी काढून घेतली, शाहूपुरीतल्या एका सर्जिकलवाल्याला सांगून मागवली. दिसायला काहीच नाही, पातळ नायलॉनचं कापड, नळीसारखं शिवलेलं, आतनं एकदम गुळगुळीत. पेशंटखाली घातली की वरचा पदर खालच्या पदरावर घसरतो, त्यामुळं गादी आणि चादर जी अंगाला धरून ठेवतात ती पकड सुटते आणि आपल्याला कमी जोर लावायला लागतो.

आमच्याकडं पॅरालिसिसचे एक वस्ताद ॲडमिट होते, सगळं आयुष्य तालमीत गेलेलं, उतारवयात पण क्विंटलभर अंग आणि उजवी बाजू पूर्ण गेलेली. त्यांना वर घ्यायचं म्हणजे दोन सिस्टर, वॉर्डबॉय मामा, आया मावशी, शिवाय शेजारच्या बेडचा एखादा नातेवाईक. शीट आल्यावर बेड आधी सपाट केला, त्यांना एका कुशीवर वळवलं, अर्धी गुंडाळलेली शीट पाठीमागं सारली, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन उलगडली. आम्ही दोघी आणि मामा, तिघंच, गुडघे थोडे वाकवून पाठ सरळ ठेवली, अंगाचं वजन एका पायावरनं दुसऱ्या पायावर टाकलं तर ते सरळ उशीपर्यंत सरकले! आणि त्यांची पाठ घासली नाही हे मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ड्रॉ शीटनं ओढताना माकडहाडाजवळची कातडी लाल व्हायची आणि त्यांना बोलता येत नव्हतं, नुसता चेहरा आवळायचे.

आता बेल्टबद्दल बोलते, कारण आमच्या मॅनेजमेंटकडं शीट मागितली तर कंबरेचे बेल्ट घ्या असं उत्तर आलं. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं १९९४ मध्येच सांगितलंय की धडधाकट कामगाराला दुखापत होऊ नये म्हणून बेल्ट लावा असं आम्ही सुचवत नाही. डॉक्टरनं दुखण्यावर दिला असेल तर तो वेगळा विषय. त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हातानं उचलायची मर्यादा ३५ पौंड सांगितली, म्हणजे साधारण १६ किलो आणि ते पण सगळं सोयीचं असताना. वस्तादांचा नुसता एक पाय तेवढा भरला असता.

त्रास पण सांगते. शीट खाली तशीच ठेवायची नाही, काम झालं की लगेच काढायची, पेशंट बेडवरनं खाली सरकू शकतो, आणि साइड रेलकडं, म्हणजे बेडच्या बाजूच्या कठड्याकडं, लक्ष पाहिजेच. नव्वद किलोच्या वरच्या पेशंटला शीट असली तरी तिघं लागतात, एकटीनं करायला जाऊ नका. खाली पडलेल्या पेशंटला उचलायला तिचा काही उपयोग नाही. आमच्या निम्म्या बेडना उंची बदलायचा क्रँक, म्हणजे फिरवायचा दांडाच नाही, तिथं उंच सिस्टरला शेवटी वाकावंच लागतं, ते काही शीटनं सुटत नाही. आणि एकच शीट सगळ्या वॉर्डात फिरवायची म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण, खरं तर एका पेशंटला एक पाहिजे. म्हणूनच म्हणते हे वर्गणीचं काम नाही, ग्लोव्ह्ज जसे स्टोअरमधनं येतात तशी ही यायला पाहिजे, पंचविशीतल्या नव्या पोरी आत्ताच पेनकिलर खाऊन ड्युटी करायला लागल्यात, बघवत नाही.

घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांनी पण घ्यायला हरकत नाही, फक्त घालायची आणि काढायची कशी ते एखाद्या सिस्टरकडनं नाहीतर फिजिओकडनं समोर करून बघा. घेताना नळीवाली बघा, खांद्यापासनं मांडीपर्यंत पुरेल एवढी, शिवण नीट तपासा, आणि धुताना ब्लीच किंवा फॅब्रिक कंडिशनर घालू नका, आतला गुळगुळीतपणा जातो.